आत्याचा टीव्ही मंद होतो

शाळेतून परतताना आत्याकडे डबा पोचवायचा आणि तिचा टीव्ही बघून यायचा, एवढंच काम होतं.

"बघून ये म्हणजे बघत बसू नकोस," आई म्हणाली. "खरंच मंद होतो का, तेवढं बघ. आणि दादाला कळव."

दादा म्हणजे आत्याचा मुलगा. तो दुसऱ्या शहरात नोकरीला असतो. येत्या रविवारी तो येणार होता आणि जाताना आत्याला कायमची सोबत नेणार होता. कारण आत्या त्याला रोज एकच निरोप पाठवत होती: टीव्ही मंद होतो. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले, ते ठणठणीत निघाले. मागच्या खेपेला दादा दोन दिवस टीव्हीसमोर ठाण मांडून बसला, पण टीव्ही एकदाही मंद झाला नाही. "डोळे ठीक, टीव्ही ठीक, मग बिघाड कुठे आहे?" असं त्याने फोनवर आईला विचारलं. सगळ्यांच्या मनात एकच उत्तर होतं आणि ते कोणालाच बोलायचं नव्हतं.

आत्याला मात्र घर सोडायचं नव्हतं. तिने नव्या कुंड्या आणल्या होत्या, हेच तिचं उत्तर.

आत्याला ऐकू येत नाही. दादा वसतिगृहात शिकत असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. पण ती म्हणते, "माझं काही अडलं नाही. मला आणि तुझ्या काकांना आवाज कधी लागला होता?" ते खरंच होतं. काका नाटकाच्या थिएटरात दिवे सांभाळायचे. त्यांची केबिन प्रेक्षकांच्या मागे, काचेच्या आड होती. आत्या त्याच थिएटरात नटांचे कपडे शिवायची. प्रयोग चालू असताना ती काचेसमोर जाऊन उभी राहायची आणि दोघं नुसत्या ओठांनी बोलायची. कोणाची शिवण उसवली, कोणता दिवा जळाला, घरी भाजी आहे की नाही, सगळं बिनआवाजी. मी लहानपणी आत्याबरोबर तिथे जायचे, कपड्यांच्या ढिगावर बसून त्यांना बघायचे आणि बघता बघता शिकले. मला चारचौघांत बोलायला आवडत नाही. आवाज घशापर्यंत येतो आणि परत फिरतो. म्हणून दादा मला मौनीबाई म्हणतो. आत्याशी मात्र मी भरपूर बोलते. खाली आमचं बोलणं मी नेहमीसारखं अवतरणात लिहिलं आहे, पण त्याला आवाज नव्हता हे ध्यानात ठेवा.

काका गेल्या थंडीत गेले.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा दिवेलागण होत आली होती. आत्याने खोलीचे पडदे ओढले होते, कारण समोरच्या रस्त्यावरचा दिवा थेट टीव्हीच्या काचेत पडतो. दिवा लावलेला नव्हता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"आलीस? हेर म्हणून पाठवलंय ना तुला?" आत्या म्हणाली.

"डबेवाली म्हणून."

"डबा ओट्यावर ठेव, हेर इथे बस."

मी तिच्या पायाशी, सतरंजीवर बसले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बातम्या सांगणाऱ्या बाईचा चेहरा काळवंडायला लागला. चित्र तेच, रंग तेच, फक्त मागचा उजेड ओसरत चालला. निम्म्यावर येऊन तो थांबला. एक श्वास घ्यावा इतकाच. मग पुन्हा उतरायला लागला आणि अगदी खाली जाऊन स्थिरावला. खोली निळसर काळी झाली. काचेत आम्ही दोघी अंधुक दिसायला लागलो.

"दिसलं!" मी उडीच मारली. "आत्या, मलाही दिसलं!"

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती टीव्हीकडे बघत होती, पण बातम्यांकडे नव्हे. थोड्या वेळाने उजेड परत आला, तेव्हा तिने एक सुस्कारा सोडला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

"झालं समाधान? तुझी आत्या वेडी नाही."

ती हे एवढं शांतपणे घेत होती, पण मला राहवेना. टीव्ही पुन्हा मंद झाला तेव्हा मी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं आणि लगेच दादाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "यात तर छान चाललाय." मी चित्रण उघडून बघितलं. खरंच, त्यात टीव्ही लखलखीत होता. मोबाईलचा कॅमेरा स्वतःच उजेड वाढवून घेतो, हे मला नंतर सुचलं. जे आमच्या डोळ्यांना दिसत होतं, ते त्याने परस्पर दुरुस्त करून टाकलं होतं.

मग मी रिमोट घेऊन बसले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बरंच काही निघालं. वीज वाचवण्यासाठी उजेड कमी करायची एक सोय होती, ती बंद केली. खोलीत अंधार झाला की उजेड कमी करायची दुसरी सोय होती. त्यासाठी टीव्हीच्या खालच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा एक डोळा असतो. त्यावर बोट ठेवून पाहिलं, तर उजेड सरळ उतरला, जिन्यावरून चेंडू यावा तसा. मध्ये कुठे थांबला नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. तीही बंद केली. चित्रात काळोखाचा प्रसंग आला की पडद्यामागचा उजेड आपोआप कमी करणारी तिसरी सोय होती, तिचाही बंदोबस्त केला.

"सगळं बंद केलंस?" आत्याने विचारलं.

"सगळं."

"बरं," ती म्हणाली, आणि उगाच सोफ्याची उशी झटकत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्ही पुन्हा मंद झाला. निम्म्यावर थांबला, मग खाली उतरला.

शनिवारी मेकॅनिक आले. पोट सुटलेले, हसरे, आणि टीव्हीशीच बोलणारे. "काय रे बाबा, का छळतोस म्हातारीला?" ते त्याला म्हणाले. आत्याला ऐकू येत नाही हे त्यांना सांगितलेलं होतं, पण ती ओठ वाचते हे सांगायचं राहिलं होतं.

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे?" आत्या मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तो भिंतींना धडकतो. मेकॅनिकच्या हातातला पेचकस पडला.

मी कुठे कुठे काय बंद केलं ते त्यांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. "पोरीने वरचं सगळं केलंय. पण हल्लीचे टीव्ही फार शहाणे. अंधार पडला की स्वतःच ठरवतात, या माणसांना थोडं कमी दिसलं तरी चालेल! आणि वर सांगतात, तुमच्याच भल्यासाठी." मग त्यांनी रिमोटची काही बटणं एकामागून एक दाबली. पडद्यावर मी कधी न पाहिलेली एक यादी उघडली. त्यात खाली कुठेतरी जाऊन त्यांचं बोट थांबलं.

"हे मूळ. हे एकदा काढलं की याच्या बापाच्यानेही मंद होणार नाही."

आत्याने माझा दंड धरला. "पूर्ण काढायलाच हवं का?"

"मग काय? तेच तर हवंय ना आपल्याला?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दंड सोडला.

मेकॅनिकनी काळ्याकुट्ट प्रसंगांचा एक सिनेमा लावून दाखवला. टीव्ही जसाच्या तसा उजळ. मसुराच्या डोळ्यावर बोट ठेवलं, तरी ढिम्म. ते गेले आणि मी आत्याजवळ बसून राहिले. दिवेलागण झाली. बातम्यांतली बाई लखलखत होती. आम्ही वाट बघितली. ती लखलखतच राहिली.

आत्या रडत होती. आवाज न करता बोलणारं माणूस रडतंही तसंच, हे मला तेव्हा कळलं.

"काय झालं?"

"वेडी म्हणणार नाहीस?"

"आत्या!"

"सुरुवातीला मलाही तो बिघाडच वाटला. म्हणून तक्रार केली. मग एकदा टीव्ही मंद झालेला असताना काचेत नजर गेली. मी सोफ्यावर होते. आणि मागे तो उभा होता, केबिनमध्ये उभा राहायचा तसा."

मी मागे वळून पाहिलं. भिंत होती, आणि भिंतीवर एक खिळा.

"इथे वळून काही दिसत नाही," आत्या म्हणाली. "टीव्ही बंद असला की खोलीत उजेड नसतो. पूर्ण लागला की काचेत फक्त चित्र दिसतं. मधेच कुठेतरी, अगदी थोड्या उजेडात, दिसतो. आणि तो उजेड तोच करतो. मी ओळखला ना त्याचा हात! निम्म्यावर थांबतो, पाहिलंस? नवी पोरं दिवा फाडकन बंद करायची, तेव्हा हा चिडायचा. म्हणायचा, दिवा विझवायचा नसतो, निजवायचा असतो. मध्ये एक श्वास थांब. लोकांच्या डोळ्यांना अंधाराची ओळख होऊ दे."

"ते काही बोलतात?"

"नाही. नुसता बघतो. मी बोलते. आज कुंडीला कळी आली, आज गुडघा दुखतोय. चाळीस वर्षं काचेतूनच तर बोललो आम्ही." तिने डोळे पुसले. "दादाला हे सांगितलं तर आजच उचलून नेईल. म्हणून गप्प बसले. तू इतक्या मायेने धडपडत होतीस, तुला तरी काय सांगू?"

मला रडू आलं नाही. मला भीतीही नीट वाटली नाही. मी रिमोट उचलला आणि बंद केलेलं एकेक पुन्हा चालू केलं. मेकॅनिकची ती यादी काही मला उघडता आली नाही. टीव्ही उजळच राहिला. शेवटी आत्याने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे, बाळा. उद्या दादा येईल, टीव्ही नीट बघेल आणि मला इथे राहू देईल. तेवढं तरी पदरात पडलं."

पण तेवढंही सहज पडणार नव्हतं.

रविवारी मी डबा घेऊन पोचले तेव्हा दाराशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. दादा सोफ्याच्या एका टोकाला रिमोट घेऊन बसला होता, आत्या दुसऱ्या टोकाला. तो एकामागून एक वाहिन्या बदलत होता. मी सतरंजीवर बसले.

"काय मौनीबाई? दुपारपासून बघतोय. हा कुठे मंद होतो?"

"मेकॅनिक... त्यांनी बंद केलं ते."

"काय बंद केलं?"

"मंद होणं."

तो थकल्यासारखा हसला. "मेकॅनिकला काय, गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. मी दोन दिवस बघितलं, झाला नाही. तुझ्या चित्रणात झाला नाही. आज होत नाही. आणि तू म्हणतेस होत होता."

मला सगळं सांगायचं होतं. कॅमेऱ्याचं, मसुराच्या डोळ्याचं, यादीचं. शब्द घशापर्यंत आले आणि परत फिरले. मी टीव्ही दुरुस्त केला होता, आणि आत्या खरं बोलत होती याचा एकमेव पुरावा त्याबरोबर पुसून टाकला होता.

"तू तिचं मन राखतेस," दादा हळू आवाजात म्हणाला. "मी जवळ असतो तर मीही राखलं असतं. पण तिला दाराची घंटा ऐकू येत नाही. गॅस चालू राहिला तर त्याचा आवाज येत नाही. मी तिकडे रोज उठतो तेव्हा पहिला विचार हाच येतो, की आज काही झालं नसेल ना." मग त्याने मोबाईलवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून आत्यासमोर धरलं. त्याला ओठांनी बोलता येत नाही. आत्याचे कान गेले तेव्हा तो घरी नव्हता, आणि थिएटरात तो कधी रमला नाही. तिथल्या तापलेल्या दिव्यांच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं.

आत्याने वाचलं. "उद्या सकाळी ना? ठीक आहे," ती मोठ्याने म्हणाली आणि खिडकीतल्या कुंड्यांकडे बघितलं.

बाहेर अंधारून आलं होतं. पडदे ओढलेले होते.

आधी तो वास आला. तापलेल्या धुळीचा, जुन्या मोठ्या दिव्यांवर बसलेली धूळ जळते तसा. दादाने नाक वर केलं. "काही जळतंय का?"

आणि टीव्हीवरचा उजेड उतरायला लागला.

कोणीही रिमोटला हात लावलेला नव्हता. दादा तो मांडीवर ठेवून बसला होता. उजेड सावकाश उतरत गेला. निम्म्यावर आला... आणि थांबला. एक श्वास. मी श्वास घेतला, आणि मला शपथेवर सांगता येईल, दादानेही तेव्हाच घेतला. मग उजेड पुन्हा उतरला, तळाला गेला आणि निजला.

काचेत सोफा दिसत होता. एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला दादा, खाली मी. आणि सोफ्यामागे काका. तोच मळका स्वेटर, केबिनमध्ये घालायचे तो. मान किंचित पुढे झुकलेली.

दादा गर्रकन मागे वळला. मागे भिंत होती. तो परत काचेकडे वळला. काका होते.

"बाबा...?"

काकांचे ओठ हलले. आत्याने चेहरा ओंजळीत झाकून घेतला होता, तिचे खांदे हलत होते, तिला दिसलं नाही. दादाला दिसलं, पण वाचता येत नव्हतं.

"काय... काय म्हणतायत?" त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला. "तुला कळतं ना? सांग ना, काय म्हणतायत?"

माझा आवाज घशापर्यंत आला. या वेळी मी त्याला परत फिरू दिलं नाही.

"भूक लागली का, असं विचारतायत."

माझ्या आवाजाने मीच दचकले. दादा एकदम लहान झाला. असा चेहरा मी मोठ्या माणसाचा कधी पाहिला नव्हता.

"प्रयोग संपवून उशिरा यायचे," तो म्हणाला. "मी जेवून झोपलेला असायचो. उशाशी बसून हेच विचारायचे. मी दर वेळी हो म्हणायचो. मग दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खायचो, आईला कळू न देता." त्याने काचेकडे बघून मान हलवली. "हो, बाबा. लागलीय."

उजेड हळूहळू चढला. निम्म्यावर थांबला, मग पूर्ण झाला. काचेत पुन्हा फक्त चित्र होतं, कोणीतरी साबणाची जाहिरात करत होतं.

मग आत्याने डोळे पुसले आणि मोठ्याने विचारलं, "डब्यात काय आणलंयस ग?" आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो.

दादाने बॅगा स्वतःच्या हाताने रिकाम्या केल्या. सकाळी जाताना दाराला एक दिवा बसवून गेला, घंटा वाजली की तो उघडझाप करतो. गॅससाठीही काहीतरी आणणार आहे. आता तो महिन्यातून एकदा येतो आणि आत्या त्याला ओठ वाचायला शिकवते. अजून कच्चा आहे. मागच्या वेळी आत्या म्हणाली, "जाड झालायस." त्याने खूप विचार करून उत्तर दिलं, "हो, पाऊस आहे."

मेकॅनिक एकदा वाटेत भेटले. त्यांनी विचारलं, टीव्ही कसा आहे. मी म्हटलं, छान आहे.

आत्याला मी परवा सहज विचारलं, दादाच्या आधी किंवा नंतर तुला कोणी झालं होतं का. ती हसली. "एकच. तोच पुरून उरला." मी पुढे काही बोलले नाही. ती मजेत आहे, तिच्या कुंड्यांना फुलं आली आहेत, आणि दादाचा फोन आता काळजीचा नसतो. त्यात मला माझी भर घालायची नाही.

पण मी त्या दिवशी काचेत जे पाहिलं ते असं. काका दादाकडे बघत नव्हते. दादा सोफ्याच्या टोकाला होता आणि आत्या दुसऱ्या टोकाला. काका त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर वाकले होते. नजर बरीच खाली होती, तिथे एखादं लहान मूल बसलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर पडेल इतकी. तिथे बघून त्यांनी विचारलं, भूक लागली का. मग ओठ मिटून ते थांबले. दादा अजून मला विचारतच होता, काय म्हणतायत, काय म्हणतायत.

आणि तेव्हाच काकांनी मान हलवली. उत्तर मिळाल्यावर हलवतात तशी.